किल्लेदाराचे साथीदार की किल्लेदाराचे गुलाम? रेव्हनलॉफ्ट, रोमा आणि जन्माने गुन्हेगार ठरवलेली माणसे

"खेळच आहे हो, त्यात काय जात शोधायची?" हे वाक्य आम्हाला हल्ली आपल्याच तरुणांकडून ऐकायला मिळते. पुणे, मुंबई, बंगळुरूत शिकणारी, नोकरी करणारी आपली मुले-मुली शनिवार-रविवारी टेबलाभोवती बसून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. खेळावे, जरूर खेळावे. करमणुकीवर कुणाची मक्तेदारी नाही. पण शंबूकाची गोष्टही "गोष्टच" होती आणि एकलव्याची गोष्टही "गोष्टच" होती. गोष्टीने अंगठा कापून घेतला की पुढे शाळेच्या दारातून परत पाठवायला वेगळे कारण द्यावे लागत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून या खेळाच्या एका प्रसिद्ध पुरवणीचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत. तिचे नाव रेव्हनलॉफ्ट.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. यात पट नसला तरी चालतो. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि पात्राने केलेली कृती यशस्वी झाली की नाही हे फासे टाकून ठरते. मूळ पुस्तकात फक्त नियम असतात. खेळ घडतो ते जग वेगळ्या पुस्तकातून विकत मिळते. त्याला सेटिंग म्हणतात, आणि त्यात भर घालणाऱ्या पुस्तकांना सप्लिमेंट, म्हणजे पुरवणी. सेटिंगच्या पुस्तकात काय असते? कोण कुठे राहतो, कोणाचा धंदा काय, कोण कोणाला घाबरतो, वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण. आपल्या भाषेत त्याला गावगाडा म्हणतात. फरक इतकाच की हा गावगाडा छापील असतो आणि त्याला फाशांचे आकडे जोडलेले असतात.

रेव्हनलॉफ्टची सुरुवात 1983 मध्ये झाली. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने टीएसआर या कंपनीसाठी त्या नावाचे एक साहस लिहिले. बारोव्हिया नावाचे डोंगराळ, धुक्याने वेढलेले राज्य. तिथल्या किल्ल्यात स्ट्राड नावाचा रक्तपिपासू सरदार. भावाच्या वाग्दत्त वधूच्या लोभाने त्याने भावाचा खून केला आणि तो कायमचा शापित झाला. गावातले लोक दारे बंद करून बसलेले. गावाबाहेर तळ्याकाठी मात्र एक तळ पडलेला आहे, रंगीत गाड्या आहेत, शेकोटी आहे, गाणी चालली आहेत, आणि मादाम इव्हा नावाची म्हातारी पत्ते मांडून भविष्य सांगते. या लोकांना पुस्तकात सरळ 'जिप्सी' म्हटले आहे. रचना म्हणून ती पत्त्यांची युक्ती अफलातून आहे, हे मान्य करावेच लागेल. पत्ते खरोखर पिसायचे, आणि हवी ती वस्तू किल्ल्यात कुठे दडली आहे ते त्यावरून ठरते, त्यामुळे प्रत्येक वेळी खेळ नवा होतो. भयकथेचा हा खेळ लोकप्रिय झाला तो उगाच नाही.

1990 मध्ये ब्रूस नेस्मिथ आणि अँड्रिया हेडे यांनी या एका साहसाचे पूर्ण जग केले. 'रेल्म ऑफ टेरर' या पेटीत एकामागून एक भयराज्ये आली, प्रत्येकाचा एक शापित धनी आला. जिप्सींना आता 'विस्तानी' हे नवे नाव मिळाले. नाव बदलले, वर्णन तेच राहिले. धुके ओलांडून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची विद्या त्यांना जन्मतः येते. त्यांचा शाप लागतो. त्यांची दृष्ट लागते. 1995 मध्ये त्यांच्यावर एक स्वतंत्र पुस्तकच निघाले आणि त्यात त्यांच्या टोळ्या, टोळ्यांचे गट, गटागटाची उपजत कौशल्ये अशी सगळी विभागणी आली. एका गटाचे नाव काल्ड्रेश. रोमा लोकांत काल्डेराश नावाचा तांबटांचा समूह खरोखर आहे. दुसऱ्याचे नाव मनुसा. रोमानी भाषेत 'मनुष' म्हणजे माणूस. तेव्हा "आमचे विस्तानी काल्पनिक आहेत, कोणाशी साम्य आढळल्यास योगायोग" असे म्हणायची सोय लेखकांनी स्वतःच ठेवलेली नाही.

आता ज्या भूमीचे सोंग बारोव्हियाने घेतले आहे त्या भूमीत काय घडले ते पाहू. आमच्या मते सगळी गोम इथेच आहे.

आजच्या रोमानियात वॉलाचिया आणि मोल्डाविया ही दोन संस्थाने होती. ड्रॅक्युला हे नाव ज्याच्यावरून उचलले तो व्लाद वॉलाचियाचाच राजा. 1385 च्या एका दस्तऐवजात वॉलाचियाच्या राजाने तिस्माना येथील मठाला 40 रोमा कुटुंबे दिल्याची नोंद आहे. शेत द्यावे, गिरणी द्यावी, तशी कुटुंबे दिली. तिथून पुढे सुमारे पावणेपाचशे वर्षे या दोन्ही संस्थानांत रोमा हे गुलाम होते. काही राजाचे, काही मठांचे, काही सरदारांचे. गुलामाचे मूल जन्मतः गुलाम. विक्री, आंदण, वाटणी यांत माणसे मोजली जात. मिहाइल कोगल्निचेआनू या मोल्डावियन विचारवंताने 1837 मध्ये रोमांवर पुस्तिका लिहिली. याशी शहराच्या रस्त्यांवर हातापायांत साखळदंड घातलेली माणसे त्याने लहानपणी पाहिली होती. मोल्डावियात गुलामगिरी संपली 1855 मध्ये, वॉलाचियात 1856 मध्ये. सुमारे अडीच लाख माणसे मुक्त झाली. नुकसानभरपाई मिळाली, पण ती मालकांना. ज्यांच्या पिढ्या राबल्या त्यांना जमीन नाही, घर नाही, काही नाही.

महात्मा फुले यांची 'गुलामगिरी' 1873 ची आहे. ती त्यांनी अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली. त्याच पिढीत युरोपच्या पोटातही जन्मावर आधारलेली गुलामगिरी नुकतीच मोडली होती, हे आपल्या अभ्यासवर्गांत फारसे सांगितले जात नाही. सांगायला हवे.

मुक्तीनंतर पुरती 41 वर्षे झाली आणि 1897 मध्ये ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी आली. तिच्यात किल्ल्यावर 'झिगानी' येतात. कैदेतला इंग्रज नायक त्यांच्याकडे सुटकेसाठी पत्र देतो आणि ते ते पत्र नेऊन मालकाच्या हातात ठेवतात. शेवटी मालकाची पेटी वाहून नेणारे आणि तिच्यासाठी सुरे उपसणारेही तेच. रेव्हनलॉफ्टने हा धागा उचलला आणि वाढवला. 2016 च्या 'कर्स ऑफ स्ट्राड' या नव्या आवृत्तीत कारणही दिले आहे. जखमी स्ट्राडची विस्तानींनी शुश्रूषा केली, म्हणून त्याने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने ये-जा करण्याची मुभा दिली. बाकी प्रजा कैदेत, विस्तानी मोकळे, आणि त्यातले अनेक त्याचे हेर.

वाचकहो, ही उलटापालट पाहा. इतिहासातल्या किल्लेदाराने ज्यांना विकत घेतले, विकले, साखळदंडात ठेवले, त्यांनाच कथेत किल्लेदाराचे लाडके साथीदार केले. प्रजा त्यांचा दुस्वास करते आणि कथेच्या हिशेबाने तो दुस्वास रास्त ठरतो. गुलामाला मालकाचा भागीदार करून टाकले की मालकावरचा राग आपोआप गुलामाकडे वळतो. हे काम हिकमन दांपत्याने ठरवून केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी भुताचे सिनेमे आणि कादंबऱ्या जशाच्या तशा उचलल्या. पूर्वग्रहाला चालवायला दुष्ट माणूस लागतोच असे नाही. परंपरा पुरते.

दुसरी गोष्ट या पुस्तकांच्या मांडणीची. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रत्येक प्राण्याचा तक्ता आहे. किती वारंवार आढळतो, किती संख्येने येतो, कुठे राहतो, सुष्ट की दुष्ट, जवळ खजिना किती. आता 1908 चे एक पुस्तक घ्या. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर टिपणे छापली. भामटा, कैकाडी, पारधी, मांग गारुडी, रामोशी, बेरड, छप्परबंद, एकेका जमातीवर प्रकरण. प्रकरणात मथळे कसले? वस्ती कुठे, दिसण्यात कसे, पोशाख कोणता, बोली कोणती, वरवरचा धंदा काय, वेषांतर कसे करतात, गुन्हा कोणत्या प्रकारचा, माल कुठे लपवतात. दोन पुस्तके शेजारी ठेवली की सांगाडा एकच दिसतो. एकात माणसासारखे दिसणारे राक्षस आहेत, दुसऱ्यात राक्षस ठरवलेली माणसे. त्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये भारतातून घेतलेला 'राक्षस'ही आहे, वाघाच्या तोंडाचा, कपटी, माणसे खाणारा. फुल्यांनी 'राक्षस' हा शब्द 'रक्षक' असा वाचला, आणि भूमीचे रक्षण करणाऱ्यांना जेत्यांनी दिलेली ती शिवी आहे असे मांडले. गायगॅक्सना फुले माहीत असण्याचे कारण नव्हते. आपल्या टेबलावर बसणाऱ्यांना मात्र ते माहीत असायला हवेत.

केनेडींच्या पुस्तकामागे कायदा उभा होता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. त्यामागचा तर्क सरळ जातिव्यवस्थेतून उचललेला होता: सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. हजेरी लागे, परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे. या वसाहतींचे काम पाहणारे अधिकारी स्टार्ट हेच पुढे 1928 ते 1930 च्या समितीचे अध्यक्ष झाले आणि त्या समितीत बाबासाहेब सदस्य होते. 'द अनटचेबल्स' या 1948 च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तीन आकडे एकत्र मांडले: गुन्हेगार जमाती सुमारे 2 कोटी, आदिम जमाती सुमारे दीड कोटी, अस्पृश्य सुमारे 5 कोटी. आणि ज्या संस्कृतीने हे तीन वर्ग जन्माला घातले तिला संस्कृती म्हणावे का, हा प्रश्न विचारला. आपल्या चळवळीने तिसरा आकडा उराशी धरला. पहिल्या आकड्याकडे आपण उशिरा वळलो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 मध्ये आले, तेव्हा कुठे मराठी वाचक दचकला.

भाषेतही हेच झाले आहे. इंग्रजीत 'जिप' म्हणजे फसवणे, तो शब्द 'जिप्सी'वरून आला असे मानतात. मराठीत आपण "भामटा कुठला!" असे सहज म्हणतो. महाराष्ट्राच्या 14 विमुक्त जातींच्या यादीत भामटा ही एक जात आहे. त्या मुलाच्या दाखल्यावर जे लिहिले आहे तीच वर्गातली शिवी.

आम्ही ज्या वस्त्यांवर काम करतो तिथे पालावर राहणारी कुटुंबे आहेत. परिसरात चोरी झाली की पहिली गाडी तिथे येते. त्याच कुटुंबांतली म्हातारी माणसे सकाळी दारोदार जाऊन भविष्य सांगतात, तेव्हा घरातली सुशिक्षित बाई त्यांच्यापुढे हात धरते. पिंगळा, कुडमुडे जोशी, नंदीवाले, सगळ्यांच्या वाट्याला हेच आले. सकाळी त्यांच्या तोंडून शुभ ऐकायचे, रात्री त्यांच्यावर संशय घ्यायचा. मादाम इव्हाचा तळ आम्हाला अनोळखी वाटला नाही तो म्हणून. "जिप्सी मुले पळवतात" ही युरोपातली जुनी अफवा. 2013 मध्ये ग्रीसमध्ये एका रोमा जोडप्याकडे गोऱ्या वर्णाची मुलगी दिसली म्हणून जगभर बोंब झाली. पुढे तिची जन्मदात्री आईही बल्गेरियातली रोमाच निघाली. आणि 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेली माणसे होती ती. जमावातल्या कोणी रेव्हनलॉफ्ट खेळले नव्हते हे उघड आहे. पण "फिरस्ता म्हणजे काहीतरी लपवणारा" ही जी कथा त्यांच्या डोक्यात होती, ती आणि ही एकाच घराण्यातल्या आहेत.

खेळ कथेच्या एक पाऊल पुढे जातो, कारण खेळात पूर्वग्रहाला आकडा मिळतो. 1994 मध्ये व्हाइट वुल्फ या कंपनीने आपल्या अंधाऱ्या जगासाठी 'जिप्सीज' नावाची पुरवणी काढली. तिच्यात पात्राचे जिप्सी रक्त किती शुद्ध यावर त्याची जादू अवलंबून होती. 2001 मध्ये परवान्यावर निघालेल्या रेव्हनलॉफ्टच्या आवृत्तीत 'अर्ध-विस्तानी' ही खेळायची वेगळी जमात होती आणि जमातीजमातीला 'बहिष्कृतपणाचा' एक अंक होता. लोकांशी बोलताना, मन वळवताना तो अंक वजा व्हायचा. लोकांना धमकावताना मात्र तो अधिक. आम्ही हे वाचून थोडे हसलो आणि मग हसणे थांबले. बहिष्कृत माणसाचा शब्द कोणी मानत नाही पण त्याची भीती सगळ्यांना वाटते, हे समाजशास्त्राच्या वर्गात समजायला आम्हाला दोन वर्षे लागली. या पुस्तकाने ते एका ओळीत बेरीज-वजाबाकी करून दाखवले. फक्त एवढेच, की हा अन्याय आहे असे ते म्हणत नाही. जगाचा नियम आहे असे म्हणते.

रक्ताची मोजणी कल्पनेत सुरू झालेली नाही. नाझी जर्मनीत रॉबर्ट रिटर याच्या संस्थेने रोमा आणि सिंती लोकांच्या वंशावळी काढल्या, डोकी मोजली, शुद्ध कोण आणि मिश्र कोण याचे सुमारे 24,000 निवाडे लिहिले. मिश्र रक्ताचे अधिक गुन्हेगार, हा त्याचा निष्कर्ष. या कागदांवरून माणसे छावण्यांत गेली. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री ऑशविट्झमधल्या रोमा विभागात उरलेल्या चार हजारांहून अधिक माणसांना, बहुतेक बायका, मुले, म्हातारे, वायुकोठडीत मारले. युद्धानंतर 1956 मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 1943 पूर्वीचा रोमांचा छळ वांशिक नव्हता, त्यांच्या समाजविघातक स्वभावामुळे होता. म्हणजे भरपाई नाही. पश्चिम जर्मन सरकारने हा वंशसंहार होता असे मान्य केले 1982 मध्ये. रेव्हनलॉफ्टचे पहिले पुस्तक दुकानात आले त्याच्या पुढच्याच वर्षी.

मग बदल झाला का? झाला. मे 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिका पेटली. जून 2020 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने मान्य केले की विस्तानींच्या चित्रणात रोमांविषयीच्या साचेबंद प्रतिमा उमटल्या आहेत. 'कर्स ऑफ स्ट्राड' दुरुस्त करून पुन्हा छापले. रोमा सल्लागार घेऊन पुढची पुस्तके लिहू असे सांगितले, आणि 2021 च्या 'व्हॅन रिख्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट'मध्ये विस्तानी बरेच माणसात आले. याला "वोक नाटक" म्हणून उडवून लावणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे राहणार नाही. काळ्या माणसांनी रस्ता धरला म्हणून रोमांचे पान दुरुस्त झाले. एकाच्या लढ्याचा दुसऱ्याला उपयोग होतो तो असा.

पण आमची तक्रार शिल्लक आहे. दुरुस्तीने काय केले? दारूडेपणा, आळस यांचे उल्लेख काढले. चांगले विस्तानी वाढवले. किल्लेदाराशी असलेल्या नात्याचा इतिहास मात्र उलटलेला तो उलटलेलाच राहिला. आपल्याकडे 31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, आपण तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. आणि 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. नाव गेले, नोंदवही राहिली. कंपनीची दुरुस्ती त्या जातीची आहे.

एक इशारा आपल्याच देशातल्या मंडळींविषयी. रोमा मूळचे भारतातले, यात शंका उरलेली नाही. त्यांच्या भाषेत पाणी 'पानी' आहे, काळा 'कालो' आहे, तीन 'त्रिन' आहे. 'रोम' हा शब्द 'डोम'वरून आला असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. डोम म्हणजे कोण, हे वाराणसीच्या घाटावर जाऊन आलेल्याला सांगायला नको. तरीही आपल्याकडे आवडीने सांगितली जाते ती कथा रोमा हे परागंदा झालेले राजपूत योद्धे असल्याची. 2016 मध्ये दिल्लीत रोमा परिषद भरली, परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांना भारताची लेकरे म्हटले. छान. मग मंगळवेढ्याचे डवरी गोसावी कोणाची लेकरे होती? रोमांनी स्वतः काय केले ते अधिक महत्त्वाचे. एप्रिल 1971 मध्ये लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. इतरांनी दिलेले 'जिप्सी' हे नाव त्यांनी नाकारले, 'रोमा' हे आपले नाव घेतले, आणि निळ्या-हिरव्या झेंड्यावर लाल चाक ठेवले. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

आता खेळणाऱ्या मित्रांसाठी. या खेळाची एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडते. धर्मग्रंथासारखे त्याचे पुस्तक बंद नाही, सूत्रधाराला जग बदलण्याची पूर्ण मुभा आहे. तेव्हा बारोव्हिया पुन्हा मांडा. साल धरा 1855. किल्ल्याच्या तळघरात वंशावळींच्या वह्या आहेत, कोणाची मुले कोणत्या मठाला दिली त्याच्या नोंदी आहेत. विस्तानी धुके ओलांडतात, कारण पळून जाणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या वाटा पाठ केल्या आहेत. मादाम इव्हा पत्ते मांडते, कारण उघड बोलले तर जीभ जाईल. खेळाडूंना ती किल्ल्यातला खजिना सांगत नाही, त्या वह्या कुठे आहेत ते सांगते. आणि गावातले दार बंद करून बसलेले लोक, ज्यांनी आजवर किल्लेदाराला सोडून तळावर दगड मारले, त्यांचा बहिष्कृतपणाचा अंक किती लावायचा ते टेबलावर बसलेल्या सगळ्यांनी मिळून ठरवा.

जय भीम.